पाण्यामागं जायचं की वायरीमागं?

उसाचा हंगाम लागला की कराड, इस्लामपूर, वारणा या पट्ट्यात जुने डिझेल ट्रक पुन्हा रस्त्यावर दिसू लागतात. लांब पल्ल्याच्या धंद्यातून बाजूला पडलेल्या, दोन-तीन मालकांच्या हातून गेलेल्या या गाड्या फडातून कारखान्यापर्यंत ऊस ओढतात. वेग कमी, ओझं जास्त, रेडिएटरच्या जाळीत पाचट अडकलेलं. अशा वेळी इंजिनाच्या पोटात काय चाललंय हे ड्रायव्हरला सांगणारं साधन एकच : समोरच्या मीटरमधले काटे आणि दोन-तीन लाल दिवे. जुन्या गाडीत नेमके हेच बंद पडलेले असतात आणि गाडी तशीच चालवली जाते. हेड वाकल्यावर किंवा बेअरिंग धरल्यावर जो खर्च येतो, त्याच्या तुलनेत तापमानाचं किंवा ऑइलचं एक युनिट, म्हणजे मोजणारा सेन्सर, काहीच नाही. तरी ते बदललं जात नाही, कारण ते नक्की कुठं बसलंय आणि बिघाड त्याच्यातच आहे का, हे शोधायला कुणाला वेळ नसतो.

हे शोधायचं कसं, याबद्दल गॅरेजांत दोन पक्की मतं ऐकायला मिळतात. एक मत मिस्त्रीचं : इंजिनात पाणी, ऑइल, हवा कशी फिरते ते डोक्यात असेल तर युनिट आपोआप सापडतं. दुसरं वायरमनचं : काट्यापासून वायर धरा, मल्टीमीटर लावा, मधे अंदाज नको. दोन्ही मतांची माणसं मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. त्यांचं बोलणं इथं एका गाडीभोवती एकत्र आणलं आहे.

गाडी टाटा १६१३. म्हणजे एकूण वजन साधारण १६ टन आणि ताकद १३० अश्वशक्तीच्या आसपास. इंजिन सहा सिलिंडरचं, ५.९ लिटरचं, कमिन्सच्या बी सिरीजचं. टाटा आणि कमिन्सची भागीदारी १९९३ मध्ये झाली आणि हे इंजिन जमशेदपूरला बनू लागलं. त्याच जातीचं इंजिन अमेरिकेत १९८९ पासून डॉजच्या पिकअप गाड्यांत बसत होतं. पंप यांत्रिक, कॉम्प्युटर नाही, त्यामुळे गाडीवर जे काही मोजणारं आहे ते माणसाच्या डोक्यात मावतं. तक्रारी तीन : तापमानाचा काटा थंडवरून हलत नाही, आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकतो, आणि डिझेलचा काटा मधेच एकदम फुल्लवर जातो.

मिस्त्री : मीटर अजून खिशातच ठेव. आधी मला सांग, या इंजिनात गरम पाणी कुठून बाहेर पडतं?

वायरमन : काका, पाणी कुठून का पडेना. काटा हलत नाही म्हणजे काट्याच्या मागून सुरुवात करायची. तिथून वायर निघते, ती जिथं संपते तिथं युनिट. यात चुकायला जागाच नाही.

मिस्त्री : बघ की मग ती वायर. केबिनखाली काळी आहे, पुढं पिवळी झाली, फॅनच्या अंगाला लाल. तीन जोड, तीन वेगवेगळ्या हातांचे. कुणी हॉर्न बसवला, कुणी टेप बसवला, कुणी मागचे दिवे वाढवले. पुस्तकात जो रंग लिहिलाय तो या गाडीत राहिलेला नाही. ब्लॉकमधलं भोक मात्र कारखान्यानं पाडलं तिथंच आहे. म्हणून म्हणतो, पाण्यामागं जा. पाणी तापतं कुठं? हेडमध्ये. बाहेर पडतं कुठून? हेडच्या पुढच्या टोकाला, थर्मोस्टॅटमधून. मग मोजणारा त्याच्या अलीकडंच बसवणार. पलीकडं बसवला तर थर्मोस्टॅट बंद असेपर्यंत त्याला गरम पाणी भेटणारच नाही. वरच्या होसच्या मुळाशी हात घाल, पितळी षटकोनी डोकं लागेल, एका टोकाचं.

हात घातल्यावर ते लागलं. इथं मिस्त्रीच्या बोलण्यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. या इंजिनाचा थर्मोस्टॅट साधारण ८३ अंश सेल्सिअसला उघडायला लागतो. तोपर्यंत पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं, रेडिएटर थंड राहतो. तापमान मोजायचं असेल तर ते हेडमधून निघणाऱ्या, अजून थंड न झालेल्या पाण्याचंच मोजावं लागतं. हा नियम एका कंपनीचा नाही. टाटाच्या ४०७ वर, लेलँडवर, ट्रॅक्टरवर, तिकडच्या पिकअपवर, सगळीकडं युनिट याच कारणानं याच परिसरात सापडतं. पुस्तक नसलेल्या गाडीवरसुद्धा हा विचार उपयोगी पडतो, आणि जुन्या गाडीचं पुस्तक बहुधा नसतंच.

वायरमन : सापडलं, मान्य. पण सापडलं म्हणजे निदान झालं असं नाही. आता माझं काम. युनिटवरची वायर काढली, चावी लावली, वायर ब्लॉकला टेकवली. बघा, काटा सरळ गरमच्या टोकाला गेला. म्हणजे मीटर चांगला, वायर चांगली, तुमचे तिन्ही जोडसुद्धा चांगले. उरलं युनिट.

मिस्त्री : युनिट उरलं, की युनिटाभोवतीचं पाणी उरलं?

वायरमन : म्हणजे?

मिस्त्री : इंजिन थंड आहे, झाकण उघड. बोट घालून बघ पाणी कुठं लागतंय. लागत नाही ना? थर्मोस्टॅटचं हाउसिंग हा पाण्याच्या वाटेचा वरचा भाग. पाणी कमी झालं की आधी तीच जागा कोरडी पडते. युनिटाचं टोक हवेत लोंबकळतं. खाली हेड जळत असतं आणि काटा म्हणतो, सगळं थंड आहे. किती गाड्या अशा गेल्या. ड्रायव्हर शपथेवर सांगतो, काटा वर चढलाच नाही. तो खोटं बोलत नसतो.

या संवादातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. युनिट कुठं बसलंय हे शोधायचं ते केवळ पाना लावता यावा म्हणून नाही. ज्या जागी ते बसलंय त्या जागेचीच खबर ते देतं, दुसरी देऊ शकत नाही. तापमानाचं युनिट पाण्याला टेकलं असेल तरच पाण्याचं तापमान सांगतं. ही एक गोष्ट ड्रायव्हरला माहीत असेल, तर घाटात ओझं ओढताना काटा अचानक खाली आला की तो खूश होणार नाही. गाडी बाजूला घेईल, इंजिन निवू देईल आणि मगच झाकणाला हात लावेल. गरम रेडिएटरचं झाकण उघडून भाजलेले हात या पट्ट्यात प्रत्येक हंगामात दिसतात.

पाणी भरल्यावरही वायरमननं आपली पायरी सोडली नाही, आणि ते बरोबरच होतं. युनिटाच्या आत तापमानाप्रमाणे रोध बदलणारा दाणा असतो. थंड असताना रोध जास्त, गरम झाला की कमी. प्रचलित व्हीडीओ (VDO) कंपनीच्या पद्धतीच्या युनिटात तो गार असताना काही शे ओहम भरतो आणि उकळत्या पाण्यात चाळीसच्या आसपास येतो. इंजिन चालू करून मीटर लावला की आकडा हळूहळू उतरताना दिसला पाहिजे. इथं उतरला. युनिट चांगलं होतं. गाडीत पाणी नव्हतं. अर्थात पाणी गेलं कुठं, हा पुढचा प्रश्न. होसचा क्लिप, वॉटर पंप, रेडिएटर, हेड गॅस्केट हे सगळं तपासायचं राहिलंच, पण तो वेगळा लेख होईल.

वायरमन : आता ऑइल. इथं मात्र मी वायर धरणार, आणि तुम्ही तुमचं ऑइल धरा. बघू कोण आधी पोचतं.

मिस्त्री : फ्लायव्हीलच्या अंगाला उभा राहून पुढं बघ. डाव्या हाताला डिझेल पंप, उजव्या हाताला टर्बो आणि ऑइल फिल्टर. चेंबरमधून पंप ऑइल ओढतो, कूलरमधून, फिल्टरमधून नेतो आणि ब्लॉकच्या लांबीनं जाणाऱ्या मुख्य गॅलरीत सोडतो. तिथून ते मेन बेअरिंगला जातं. मोजायचं ते गॅलरीत, म्हणजे बेअरिंगला प्रत्यक्ष काय मिळतंय ते कळतं. फिल्टरच्या आधी मोजलं तर फिल्टर चोंदला तरी काटा ठीकच दाखवेल. या इंजिनाची गॅलरी डाव्या अंगाला आहे, पंपाच्या बाजूला. तिथं युनिट असणार.

वायरमन : काका, तिथं प्लग आहे.

मिस्त्री : प्लग?

वायरमन : चौकोनी डोक्याचा प्लग मारलाय. त्याच्या शेजारच्या भोकातून जाड रबरी नळी निघाली आहे आणि युनिट चासीच्या बाजूला पट्टीवर बसवलंय. कुणीतरी हलवलंय. वायर धरली नसती तर आपण त्या प्लगकडंच बघत राहिलो असतो.

मिस्त्री : ज्यानं हलवलं त्यानं विचार करून हलवलंय, एवढं म्हणतो. युनिट जड असतं. ब्लॉकवर टी लावून त्यावर युनिट, त्यावर स्विच असं पितळेचं झाड उभं केलं, की इंजिनाच्या थरथरीनं मुळातला सांधा चिरतो. गॅलरीतलं ऑइल फवारत बाहेर येतं आणि बाजूला टर्बो लाल असेल तर गाडी पेटते. नळी लावून पट्टीवर बसवणं हे शहाणपणाचं काम आहे.

वायरमन : शहाणपणाचं, पण अर्धवट. हे युनिट एकाच अंगानं करंट घेतं आणि दुसरं अंग त्याचं शरीरच. ब्लॉकमध्ये आटे धरून बसलं असतं तर ब्लॉकच त्याचा अर्थ (अर्थिंग) झाला असता. पट्टीवर आणलं की अर्थची वेगळी वायर द्यावी लागते. इथं दिलीय, पण बोल्टाखाली गंज आहे. आणि आट्यांवर पांढरी टेप गुंडाळलीय, तिच्यामुळंही कधी कधी अर्थ तुटतो. इंजिनावर बसलेल्या युनिटालासुद्धा भरपूर टेप गुंडाळायची सवय वाईट. लावायचीच असेल तर आटे बुजतील इतकी नको.

मिस्त्री : मग दिवा लुकलुकतो तो या गंजानं?

वायरमन : नाही, तेच सांगायचं होतं. अर्थ तुटला की ऑइलचा दिवा लागतच नाही. हा स्विच प्रेशर नसताना दिव्याला अर्थ देतो आणि प्रेशर आलं की तोडतो. म्हणून नुसती चावी लावल्यावर दिवा लागलाच पाहिजे; लागला नाही तर आधी तिथंच शंका घ्यायची. आपला दिवा लागतोय, वर लुकलुकतोय. म्हणजे एकतर प्रेशर खरंच स्विचच्या सीमेवर आहे, नाहीतर ती वायर कुठंतरी बॉडीला घासतेय. युनिटावर दोन टोकं आहेत. ‘जी’ लिहिलेलं ते काट्याचं, ‘डब्ल्यूके’ लिहिलेलं ते दिव्याचं. डब्ल्यूकेची वायर धरून मागं गेलो, क्लिपखाली साल निघालेली आहे. आयडलला इंजिन जास्त हलतं, तेव्हाच ती टेकते.

मिस्त्री : सापडली म्हणून गाडी सोडणार?

वायरमन : टेप मारली, बाजूला बांधली. आता लुकलुकत नाही.

मिस्त्री : तरी सोडायची नाही. युनिट काढ, तिथं माझं यांत्रिक गेज लाव. ऑइलचं प्रेशर सुईवर बघायचं, वायरीवर नाही. इंजिन गरम झाल्यावर आयडलला १० पीएसआयच्या खाली गेलं किंवा पूर्ण फिरकीवर ३० च्या खाली गेलं तर या इंजिनाचं काहीतरी बिघडलंय, मग दिवा काहीही म्हणो. दिवा खोटा होता असं म्हणायचा हक्क मला गेज बघितल्यावरच मिळतो.

इथं मी मिस्त्रीच्या बाजूचा आहे, ठामपणे. विजेची तपासणी वायर आणि युनिट यांच्यापुरतं खरं सांगते. इंजिनाला खरंच ऑइल मिळतंय का, हे सांगायला प्रत्यक्ष दाबच मोजावा लागतो. घासलेली वायर सापडणं आणि प्रेशर कमी असणं या दोन गोष्टी एकाच गाडीत एकाच वेळी असू शकतात. जुन्या गाडीत तर असतातच. वायर दुरुस्त झाली की ज्या दिव्यामुळं ड्रायव्हर सावध झाला असता तो विझतो, आणि बेअरिंग तसंच झिजत राहतं. त्या गेजला पाच मिनिटं लागतात.

युनिट काढताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, तिच्याकडे दोघांपैकी कुणी पुरेसं लक्ष देताना मी पाहिलेलं नाही. आटे. अमेरिकी पद्धतीचा एक अष्टमांश एनपीटी आटा इंचाला २७ चा, आणि ब्रिटिश पद्धतीचा त्याच मापाचा आटा २८ चा. दोन्ही हातानं दोन-तीन फेरे सहज धरतात आणि मग घट्ट होतात. पाना लावला की ओतीव लोखंडातले मूळ आटे जातात. मेट्रिक १० मिलिमीटरचा आटाही डोळ्यांना जवळपास तसाच दिसतो. दुकानातून युनिट आणताना जुनं युनिट हातात घेऊन जावं, आणि नवं आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरतंय का ते बघावं. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये निमुळता आटा जोरात आवळला तर हाउसिंगच तडकतं.

तिसरी तक्रार डिझेलची. इथं वाद झालाच नाही, कारण मिस्त्रीनं सुरुवातीलाच हात वर केले.

मिस्त्री : टाकीत फ्लोट असतो एवढं मला माहीत आहे. वरचे पाच स्क्रू काढले की तो बाहेर येतो. काटा एकदम फुल्लवर का जातो ते तू सांग.

वायरमन : फ्लोट वर-खाली झाला की त्याचा दांडा रोधाच्या पट्टीवर सरकतो. आपल्याकडं चालणाऱ्या युनिटांत बहुतेक वेळा रिकामी टाकी म्हणजे १० ओहम, भरलेली म्हणजे १८० च्या आसपास. म्हणजे रोध जितका जास्त, तितकी टाकी भरलेली. आता वायर तुटली किंवा टाकीचा अर्थ गेला तर रोध किती? अमर्याद. काटा काय दाखवणार? फुल्ल. चासीवर टाकी पट्ट्यांनी आवळलेली आहे, मधे रबर आहे, वर गंज आहे. खड्ड्यात हादरा बसला की अर्थ सुटतो आणि काटा उडी मारतो. युनिटाच्या झाकणाच्या स्क्रूपासून चासीपर्यंत एक जाड वायर टाकली की झालं. मात्र अमेरिकेतून आलेल्या मीटरांत पद्धत उलटी असते, रिकामी असताना २४० आणि भरलेली असताना ३३. म्हणून टाकीतलं युनिट आणि डॅशबोर्डमधला मीटर जोडीनंच घ्यायचे, वेगवेगळ्या जातीचे नाही.

मिस्त्री : डिझेल संपून गाडी बंद पडली तर एअर काढायला लागते, रात्री बारा वाजता कारखान्याच्या रांगेत. फुल्ल दाखवणारा काटा रिकाम्या दाखवणाऱ्यापेक्षा वाईट.

वायरमन : म्हणूनच आधी बिघाड कोणत्या बाजूला पडतो ते बघायचं. तापमानाची वायर तुटली तर काटा थंड दाखवतो, ऑइलची तुटली तर प्रेशर जास्त दाखवतो, डिझेलची तुटली तर टाकी भरलेली दाखवतो. तीनही वेळा ड्रायव्हरला सगळं चांगलंच वाटतं.

ही बाब वाचकांनी, विशेषतः गाडी स्वतः चालवणाऱ्यांनी, लक्षात ठेवावी असं मनापासून सांगतो. व्हीडीओ पद्धतीच्या या युनिटांत तुटलेली वायर कधीच धोक्याकडे काटा नेत नाही. रोज सकाळी चावी लावून इंजिन सुरू करण्याआधी काट्यांकडे एकदा बघायचं. इंजिन थांबलेलं असताना ऑइलचा काटा शून्यावर असायला हवा. तो वर असेल तर वायर तुटलेली आहे. ही तपासणी करायला ना मिस्त्री लागतो, ना वायरमन.

तिन्ही तक्रारी झाल्यावर बोलणं बाकीच्या काट्यांकडे वळलं.

मिस्त्री : आरपीएमचा काटा ज्या गाडीला असतो, तिथं मी फ्लायव्हीलच्या हाउसिंगवर युनिट शोधतो. फिरतं तिथंच मोजणार ना.

वायरमन : आणि बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांवर ते तिथं नसतंच. आल्टरनेटरच्या मागं डब्ल्यू नावाचं टोक असतं, एका फेजमधून काढलेलं. आल्टरनेटर जितका जोरात फिरेल तितकी त्या टोकावरची लहर जलद, त्यावरून मीटर आरपीएम काढतो. म्हणजे सेन्सर म्हणावा असं वेगळं काही नाहीच. बेल्ट सैल झाला की इंजिन बरोबर चालतं आणि काटा खाली येतो. इथं तुमचं पाणी आणि ऑइल कामाला येत नाही, वायरच नेते.

मिस्त्री : खरं आहे. आणि हवेचं?

वायरमन : हवेचं तुमच्याकडं. जुन्या गाडीच्या दोन सुयांच्या एअर गेजला वायर नसतेच. टाकीपासून नळीनं हवाच डॅशबोर्डपर्यंत आलेली असते. वायर लागते ती फक्त हवा कमी झाल्यावर ओरडणाऱ्या स्विचला, आणि ब्रेकच्या दिव्याच्या स्विचला.

मिस्त्री : तो ब्रेकच्या दिव्याचा स्विच पेडलाशी शोधत बसू नकोस. एअर ब्रेकच्या गाडीत तो ब्रेकच्या हवेच्या लाइनीत असतो. हवा आली की दिवा. हवेमागं जा, सापडेल. आणि रिव्हर्सचा स्विच गिअरबॉक्सवर, जिथं रिव्हर्सचा दांडा सरकतो तिथं.

स्पीडोमीटरच्या बाबतीत दोघांचं जमलं. जुन्या गाडीत गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला छोटी गरारी असते आणि तिच्यातून केबल वर येते. नंतरच्या गाड्यांत केबल गेली, वायर आली, पण मोजण्याची जागा बहुधा तीच, गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टजवळची. कारण गाडीचा वेग चाकांशी बांधलेला असतो आणि तो शाफ्ट चाकांशी. मिस्त्रीचा नियम इथं पुन्हा लागू पडतो.

खरा मतभेद उफाळला तो नव्या गाड्यांवरून. भारत स्टेज चार १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालं आणि सहा १ एप्रिल २०२० पासून. पहिल्या टप्प्यातल्या गाड्या आता जुन्यात जमा होऊ लागल्या आहेत, आणि त्या याच गॅरेजांच्या दारात येत आहेत.

वायरमन : काका, मगाशी मी वायर ब्लॉकला टेकवली. ती युक्ती या १६१३ वर ठीक. कॉमन रेलच्या गाडीवर तसं करू नका, आणि तुमच्या पोरांनाही करू देऊ नका. तिथल्या सेन्सरला ईसीयूकडून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडून, ५ व्होल्ट येतात. पुरवठ्याची वायर अर्थ केली की त्याच पुरवठ्यावरचे बाकीचे सेन्सरही मरतात आणि गाडी जागेवर थांबते. टेस्ट लॅम्प तर लावूच नका, त्याचा करंट त्या सर्किटाला झेपत नाही.

मिस्त्री : मग बघायचं कसं?

वायरमन : स्कॅनर लावायचा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी पाण्याचं आणि हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. एक ३० आणि दुसरं उणे ४० दाखवत असेल तर दुसऱ्याची वायर सुटलेली. नंतर मल्टीमीटर.

मिस्त्री : आणि स्कॅनरनं लिहिलं की बूस्ट प्रेशर कमी, तर तू बूस्टचा सेन्सर बदलणार. मी होसचा फाटलेला सांधा बघणार. स्कॅनर नाव सांगतो सेन्सरचं, आजार असतो हवेचा. गेल्या हंगामात किती जणांनी नवे सेन्सर घेतले आणि गाडी तशीच परत आणली, तू बघितलंस.

वायरमन : बघितलं. पण त्यांनी मीटर लावलाच नव्हता. कोड वाचला आणि दुकान गाठलं. त्याला मी वायरीमागं जाणं म्हणत नाही.

मिस्त्री : तेवढं कबूल करतोस तर मीही एक करतो. रेलच्या टोकाचा प्रेशरचा सेन्सर मी हातात घेणार नाही. तिथं इंजिन चालू असताना दाब हजार बारच्याही वर जाऊ शकतो, डिझेलची बारीक धार कातडीतून आत जाते. तिथं मी माझ्या जुन्या सवयीनं नट सैल करून बघणं बंद केलंय.

शोधण्याच्या कामात मला मिस्त्रीची वाट जास्त भरवशाची वाटते, अगदी नव्या गाडीवरसुद्धा. बूस्टचा सेन्सर इंटरकूलरनंतर, इनटेक मॅनिफोल्डवरच सापडणार, कारण सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेचा दाब तिथंच मोजता येतो. क्रँकचा सेन्सर क्रँकबरोबर फिरणाऱ्या दातांसमोरच, मग ते फ्लायव्हीलकडे असोत की पुढच्या पुलीकडे. रेलचा रेलवर. हे तर्कानं ठरतं आणि कंपनी बदलली तरी टिकतं. निदानाच्या कामात मात्र वायरमनच्या शिस्तीला पर्याय नाही. मिस्त्री लोकांनी मल्टीमीटरला परकं समजणं सोडलं पाहिजे. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या पोरांना पाण्याची आणि ऑइलची वाट कागदावर काढता येते, पण गाडीखाली झोपून बोटानं दाखवता येत नाही, हेही तितकंच खटकतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला शिकवणं अवघड नाही; तशी शिकवण्याची सोय आज फार थोड्या ठिकाणी आहे.

गाडी निघण्याआधी एक वाद मात्र मिटला नाही.

मिस्त्री : मालकाला सांग, ऑइलचं यांत्रिक गेज कायमचं बसवू. तांब्याची नळी डॅशबोर्डपर्यंत नेतो. वायर तुटो, अर्थ जावो, सुई खरं सांगेल.

वायरमन : गरम ऑइलची नळी केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ? केबिन हलते, इंजिन हलतं, तांबं कडक होऊन चिरतं. ब्लॉकवर युनिट, जाड अर्थ, नवी सलग वायर, आणि दिव्याबरोबर एक बझर. मालक हॉर्नवर पैसे घालतो, बझरवरही घालेल.

मिस्त्री : मूळ भोक मोकळं आहे, तो प्लग काढून बझरचा स्विच तिथं घाल. माझं गेज शेजारच्या नळीवर. नळी केबिनबाहेर ठेवतो, काचेतून दिसेल अशी.

वायरमन : बझरचा स्विच घालतो. गेजचं मालक ठरवेल.

मिस्त्री : त्याच्या आधी एक कर. आज जे जे सापडलं ते कुठं आहे, कोणत्या भोकात, कोणत्या रंगाच्या वायरीवर, ते वहीच्या पानावर लिही आणि गाडीच्या कागदांत ठेव. ऑइलचं युनिट चासीवर आहे हे पहिल्या ओळीत लिही, म्हणजे पुढचा मिस्त्री प्लगकडं बघत बसणार नाही.